आमटीतला गूळ आणि बुडबुड्यांची वाइन

आमटीत गूळ आहे हे खाणाऱ्याला कळता कामा नये, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता. घालायचा मात्र रोज. विसरलं तर पहिल्याच घासाला ताटावरून मान वर व्हायची, आणि खडा मोठा पडला तर "आज काय पाक केलाय?" असं ऐकून घ्यावं लागायचं. फळांच्या वासाची, किंचित गोड, बुडबुडेवाली वाइन मला कळली ती या मापानं. तोवर माझी समजूत अशी, की वाइन म्हणजे एक तर तुरट काढा, नाहीतर लग्नातल्या स्वागताच्या सरबतासारखं गोडमिट्ट काहीतरी.

मी सदाशिव पेठेत गेली सव्वीस वर्षं गोडा मसाला करून विकते. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, जायपत्री. नाक हेच माझं भांडवल. वाइनचं प्रमाणपत्र वगैरे काही माझ्याकडे नाही. बाणेरला राहणारा भाचा तीन वर्षांपूर्वी फराळाला येताना एक बाटली घेऊन आला. "मावशी, तू पिऊ नकोस हवं तर, नुसता वास घेऊन सांग," म्हणाला. तिथून हे सुरू झालं. आमचे हे घेत नाहीत. समोर बसून चिवडा खातात आणि "सरबताला एवढा सोहळा!" म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे येईलच.

बाटली घेताना

पहिला घोळ लेबलवर होतो. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून माणूस समजतो की सगळ्यात कोरडी, म्हणजे बिनगोड, हीच असणार. तसं नाही. युरोपातल्या नियमाप्रमाणे 'ब्रूट' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे १२ ते १७, 'ड्राय' किंवा 'सेक' म्हणजे १७ ते ३२ आणि 'डेमी-सेक' म्हणजे ३२ ते ५०. म्हणजे नुसतं 'ड्राय' लिहिलेली बाटली ब्रूटपेक्षा गोड निघते. पुणेरी पाटीसुद्धा इतकी फसवत नाही. आपल्याला हवी असलेली किंचित गोड वाइन एक्स्ट्रा ड्रायपासून डेमी-सेकच्या उंबरठ्यापर्यंत सापडते. मधुमेहाची काळजी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण हिशेब म्हणून सांगते: लिटरला १६ ग्रॅम असेल तर १५० मिलीच्या ग्लासात अडीच ग्रॅमसुद्धा साखर पडत नाही, जेमतेम अर्धा चमचा. तेवढ्याच कोलात १५-१६ ग्रॅम असते.

परदेशी बाटल्यांत हाताशी येणारी म्हणजे इटलीची प्रोसेको. तिचं द्राक्ष ग्लेरा. पूर्वी द्राक्षालाही प्रोसेकोच म्हणायचे, २००९ साली प्रदेशाचं नाव राखून ठेवायला द्राक्षाचं नाव बदललं. बुडबुड्यांसाठी तिचं दुसऱ्यांदा आंबवणं स्टीलच्या मोठ्या बंद टाकीत होतं, त्यामुळे फळांचा ताजा वास टिकतो. शँपेनच्या पद्धतीत ते काम बाटलीतच होतं, मेलेलं यीस्ट महिनोन् महिने वाइनसोबत राहतं आणि मग बेकरीतल्या भाजलेल्या पावासारखा वास येतो. दोन्ही चांगल्या, पण फळांसाठी टाकीवाली. मोस्कातो द'आस्ती ही आणखी वेगळी. मद्यार्क पाच-साडेपाच टक्केच आणि साखर भरपूर, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा पुढेच. ती किंचित गोड नव्हे, ती सरळ गोड. जेवणानंतरची.

लेबलवर साखरेचा शब्दच नसेल तर मद्यार्काचा आकडा बघा. सात-आठ टक्के असेल तर आंबवणं मधेच थांबवलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे द्राक्षातली साखर उरलेली असणार. बारा टक्के असेल तर बहुधा कोरडी. हे ठोकताळे आहेत, कारण काही ठिकाणी वाइन कोरडी करून शेवटी साखरेचं पाणी मोजून घालतात.

आपल्या नाशिकच्याही चालतात, आणि त्या का चालतात हे मला एका द्राक्ष बागायतदारानं मसाला घ्यायला आला असताना समजावलं. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळछाटणी. द्राक्षं पिकतात हिवाळ्यात. बुडबुड्यांच्या वाइनसाठी ती जरा लवकर, आंबटपणा शाबूत असतानाच तोडतात. आंबट नसेल तर नुसती साखर उरते, आणि चिंचेशिवाय गूळ घातलेली आमटी कोण खाणार? पुणे जिल्ह्यालाही हे प्रकरण नवं नाही. तमाशाची पंढरी म्हणून आपण ज्या नारायणगावला ओळखतो, तिथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं शँपेनच्या पद्धतीची वाइन काढली होती आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशी जात होती. हे मला कळलं तेव्हा मी साठीला टेकले होते. नारायणगावच्या एसटीनं आम्ही कितीदा गेलो असू!

दुकानात शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली उभी केलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. विशेषतः गुलाबी वाइन पांढऱ्या पारदर्शक काचेत असते आणि उजेडानं तिला ओल्या लोकरीसारखा, शिजलेल्या कोबीसारखा वास लागतो. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. आणि फळांची वाइन साठवायची नसते. आणली की महिन्या-दोन महिन्यांत संपवायची.

माझी एक चूक सांगते. मी कॅम्पातून बाटली घेतली, स्कूटरच्या डिकीत टाकली, लक्ष्मी रोडचे सगळे खड्डे आणि गतिरोधक घेत घरी आले आणि पाहुणे बसलेत म्हणून लगेच उघडली. अर्धी बाटली पंख्यावर. पंखा चालू होता, त्यामुळे कोणीही कोरडं राहिलं नाही. बाटली घरी आली की निदान एक रात्र फ्रीजमध्ये उभी, शांत ठेवा.

आधी सरबत

बाटलीला हात लावण्याआधी हा अभ्यास करा. ह्यांनाही यात भाग घेता येतो, म्हणून आमच्याकडे तो लोकप्रिय आहे. साडेआठशे-नऊशे मिली पाण्यात पाच मध्यम लिंबांचा गाळलेला रस घाला, सगळं मिळून एक लिटर होईल. साधारण वाइनइतकाच आंबटपणा येतो. याचे चार सारखे ग्लास करा, प्रत्येकी २५० मिली. पहिल्यात साखर नाही, दुसऱ्यात २ ग्रॅम, तिसऱ्यात ४, चौथ्यात १०. माझ्याकडे जायपत्री मोजायचा छोटा काटा आहे. तुमच्याकडे नसेल तर सपाट चमचा साधारण ४-५ ग्रॅमचा धरा. दुसरा ग्लास म्हणजे ब्रूट, तिसरा एक्स्ट्रा ड्राय, चौथा डेमी-सेक.

तिसऱ्या ग्लासाकडे लक्ष द्या. तो गोड लागत नाही. फक्त लिंबाची धार बोथट होते आणि लिंबाचा वास एकदम वर येतो. हीच ती आमटीतल्या गुळाची जागा. सासूबाई असत्या तर त्यांनी हाच ग्लास उचलला असता.

आता तिसरा ग्लास दोन वाट्यांत ओता. एक फ्रीजमध्ये, एक ओट्यावर. अर्ध्या तासानं चाखा. गार वाटीतलं कमी गोड लागेल, ओट्यावरचं जास्त. मग पाण्याऐवजी सोडा घेऊन तोच प्रयोग करा. बुडबुड्यांनी आंबटपणा चढतो, गोडी उतरते. कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आम्ल होतो, आणि ती जी झिणझिण असते ती फुग्यांच्या फुटण्यापेक्षा या आम्लाचीच जास्त असते. म्हणून बुडबुडेवाली वाइन साखर लपवते, आणि गॅस उडून गेलेली तीच वाइन कालच्या सरबतासारखी लागते. सोहळा सरबताचाच आहे, ह्यांचं बरोबर आहे.

गार करणं, उघडणं

सहा ते आठ अंश. घरातला फ्रीज चार-पाच अंशांवर असतो, म्हणजे रात्रभर ठेवून प्यायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढली की झालं. एप्रिल-मे असेल तर पाचच मिनिटं. ऐनवेळी करायची तर बर्फाच्या बादलीसाठी अडून बसू नका. पोह्यांचा उभट स्टीलचा डबा घ्या, अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटांत होते. नुसता कोरडा बर्फ टाकला तर वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधे हवा राहते. लहानपणी पॉटमधलं आइस्क्रीम फिरवलेल्यांना मिठाचं गणित सांगायला नको. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका.

उघडताना गंमत नाही. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. या बाटलीत तीन बारच्या पुढे, शँपेनच्या पद्धतीच्या बाटलीत पाच-सहा. टायरच्या तोंडाशी आपण डोळा नेत नाही ना? मग बाटलीचं तोंड माणसांपासून, देवघरापासून आणि टीव्हीपासून लांब करा. वरचा कागद काढा. बुचावर अंगठा दाबून धरा आणि तारेचा पीळ सोडवा, सहा अर्धे वेढे असतात. तार सैल झाल्यापासून अंगठा सुटता कामा नये. बाटली तिरपी धरा, बुचाला पंचानं आवळा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. गॅस स्वतःच बूच ढकलू लागतो. तुमचं काम त्याला अडवण्याचं. शेवटी सुस्कारा ऐकू यावा, फटाका नव्हे. फटाक्याला टाळ्या पडतात, पण गॅस आणि फेसाबरोबर पैसेही जातात.

ग्लासाबद्दल थोडक्यात: उंच, चिंचोळा ग्लास दिसायला छान, पण त्यात नाक जात नाही. पांढऱ्या वाइनचा, वर थोडा मिटलेला ग्लास बरा. भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो आणि वासही बिघडतो. गरम पाण्यानं दोनदा विसळून सुती कपड्यानं पुसा. कपड्याचे न दिसणारे तंतू ग्लासात राहतात, आणि बुडबुडे उगवतात ते बहुतांशी त्या तंतूंत अडकलेल्या हवेवरूनच. फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं या बुडबुड्यांवरच काम करत आले आहेत. अशी नोकरी कुठे मिळते, असं भाच्यानं विचारलं.

चाखणं

ज्या दिवशी मी मिरच्या भाजते त्या दिवशी वाइन चाखत नाही. ज्या संध्याकाळी चाखायची तेव्हा उदबत्ती नाही, केसात गजरा नाही, आधीचा चहा निदान तासभर मागे, आणि पान तर नाहीच. पुदिन्याच्या टूथपेस्टनंही सगळं कडू लागतं.

ग्लासाचा तिसरा हिस्साच भरा, म्हणजे संपेपर्यंत गार राहील. आधी बघायचं, पण बघण्यात फार काही नाही. रंग फिका पिवळा किंवा गुलाबी, बुडबुडे बारीक आणि एका रेघेत. पुरे. वाइनचे ग्लास गरागरा फिरवायची लोकांना सवय असते, ते इथे नको, नाहीतर गॅस उडतो.

वासासाठी मात्र वेळ काढा. नाक काठाजवळ न्या, लांब श्वास ओढू नका. मसाला पारखताना करतो तसं दोन-तीनदा हलकेच हुंगा. कार्बन डायऑक्साइड नाकाला झोंबतो, म्हणून ओतल्यावर अर्धा मिनिट थांबा. मग स्वतःला विचारा: फळ कुठल्या अवस्थेतलं आहे? नुसतं 'फळांचा वास' म्हणून सोडू नका. नाशपती असेल तर करकरीत की मऊ झालेली? मोसंबीचा रस की साल नखानं खरवडल्यावरचा वास? स्ट्रॉबेरी असेल तर महाबळेश्वरची ताजी, की जॅमच्या बरणीतली? ताजं फळ म्हणजे वाइन तरुण आणि नीट ठेवलेली. जॅम आणि भाजलेल्या सफरचंदाचा वास आला तर उन्हाळ्यात कुठेतरी तापली असण्याची शक्यता.

फळामागे फूल असतं. प्रोसेकोत मला जाईसारखं काहीतरी सापडतं, मोगऱ्याइतकं अंगावर येणारं नाही. आणि मस्कत द्राक्षाच्या, म्हणजे मोस्कातोच्या जातीच्या, वाइनमध्ये मला पहिल्याच दिवशी जे सापडलं त्यानं मी खुर्चीतून उठले. धने! भाजलेले नव्हेत, कच्चे, चोळलेले. भाचा हसला. पण मी डब्यातून मूठभर धने आणून तळहातावर रगडले आणि त्याच्या नाकाखाली धरले, तेव्हा गप्प झाला. नंतर त्यानंच शोधून सांगितलं की लिनालूल नावाचं एक सुगंधी द्रव्य आहे, धन्याच्या तेलाचा तो सगळ्यात मोठा हिस्सा, आणि मस्कत द्राक्षाचा फुलांसारखा वासही मुख्यतः त्याच्यासारख्या द्रव्यांमुळेच. सव्वीस वर्षं मी जे पोत्यानं विकत घेतेय ते कोणीतरी बाटलीत भरतंय! तेव्हापासून धन्याचा हा संबंध मी पदार्थ निवडताना विसरत नाही.

वाईट वासही ओळखा. ओला पुठ्ठा, पावसाळ्यातली बंद खोली असा वास म्हणजे बूच खराब. ती वाइन सुधारत नाही. काडेपेटी ओढल्यासारखा वास थोडा वेळ येऊन जात असेल तर गंधकाचा, चिंता नको.

आता घोट. लहान नको, मध्यम. सगळ्या जिभेवर फिरवा आणि मनात क्रम लावा: आधी झिणझिण, मग आंबट, मग गोडी, मग फळ. चांगल्या वाइनमध्ये गोडी मधे येऊन आंबटाच्या मागे परत जाते. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. ओठ चिकटत असतील, घसा गुळमट राहिला असेल तर गूळ जास्त झाला. गिळून मनात दहापर्यंत मोजा, फळ अजून आहे का बघा. शेवटचे दोन घोट मुद्दाम थोडे तापू द्या आणि पुन्हा चाखा. गारव्यानं झाकलेले दोष तेव्हा बाहेर येतात. माणसांचं असंच असतं, पण तो वेगळा विषय.

कशाबरोबर

माझ्या मते किंचित गोड बुडबुड्यांची वाइन आपल्या ताटासाठीच केल्यासारखी आहे. ती फ्रान्स-इटलीत जन्मली हा निव्वळ योगायोग. आपलं जेवण एकाच घासात गोड, आंबट, तिखट, खारट असतं. कोरडी वाइन त्यातल्या गोडापुढे आंबट पडते आणि तिखटापुढे कडू. हिच्यात मात्र स्वतःचा गूळ आहे.

अळूवडीपासून सुरू करा. चिंच-गूळ, बेसन, तीळ, वरून तळलेली. वडीतला गूळ आणि वाइनमधली साखर साधारण सारख्या उंचीवर, चिंच आणि द्राक्षाचं आम्ल तसंच, आणि तेलाचा थर बुडबुडे खरवडून काढतात. एक घास, एक घोट, आणि दुसरा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो. माझ्या घरी हीच जोडी पहिल्या क्रमांकाची.

दुसरी बाकरवडी. कोणाच्या दुकानाची हा वाद पुण्यात सुरू करू नये, तुमची तुम्ही आणा. आतल्या सारणात धने, खसखस, तीळ, खोबरं, आंबटगोड चव. मस्कतची एखादी हलकी, फार गोड नसलेली बाटली मिळाली तर धने धन्यांना भेटतात. प्रोसेकोबरोबरही उत्तम, फक्त तो चमत्कार होत नाही. सुरळीच्या वडीबरोबर वाइन जरा दांडगी वाटते. कोथिंबीर वडी चालते, पण कोथिंबिरीच्या पानाचा वास धन्यापेक्षा निराळा, तिथे माझा सिद्धांत लागू नाही.

साबुदाणा वडा आणि दाण्याची चटणी: हो, आणि उपास सोडून. मीठ आणि तेल हे बुडबुड्यांचे जुने मित्र. बटाट्याचे पापड, पातळ पोह्यांचा चिवडा, खारे काजू, अगदी साधं क्यूबवालं चीजसुद्धा. भाचेसून मालवणची, ती रवा लावून बोंबील तळते. एकट्या बोंबलासाठी भाचा आणखी एक बाटली आणतो. मी घरात मासे शिजवत नाही, त्यांच्याकडे जाऊन खाते, एवढं सांगून पुढे जाते.

तिखटाचं नीट समजून घ्या. मिरचीची आग मद्यार्कानं वाढते आणि साखरेनं थोडी शमते. बुडबुडे ती आग टोचून आणखी जागी करतात. म्हणजे तिखटाबरोबर घ्यायची तर कमी मद्यार्काची, जास्त गोडीची आणि चांगली गार. मटकीची उसळ, फोडणीचे पोहे, मध्यम तिखट भेळ इथपर्यंत छान जमतं. मिसळीबरोबर लोक मला सारखं विचारतात. मी तीन वेगवेगळ्या मिसळींबरोबर करून पाहिलं. तर्रीपुढे फळ टिकत नाही आणि कच्चा कांदा वासाचा निकाल लावतो. मिसळीबरोबर ताक. ठेचा, लोणचं, लसणाची चटणी यांनाही दुरून नमस्कार.

आंबटाचा सापळा वेगळा. चैत्रात आंबेडाळ केली, कैरी चांगली कडक होती. वाटलं, कैरी आणि बुडबुडे, यासारखं दुसरं काय! तर वाइन एकदम पुळपुळीत लागायला लागली. पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की वाइनचा आंबटपणा गायब होतो आणि नुसती साखर उरते. त्या दिवशी आंबेडाळीबरोबर ब्रूटच हवी होती.

गोडाचा सापळा त्याच्या उलट, आणि सगळे त्यातच पडतात, कारण 'गोड वाइन, म्हणून गोडाबरोबर'. एक घोट घ्या, मग चमचाभर श्रीखंड, मग परत घोट. दुसरा घोट लिंबू पिळल्यासारखा लागेल. पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असला पाहिजे, हा नियम मोडत नाही. श्रीखंड, पुरणपोळी, मस्तानी, हापूस, सगळे बाद. कॅम्पातली लोण्याची श्रूजबेरी बिस्किटं काठावर: डेमी-सेकबरोबर चालतात, एक्स्ट्रा ड्रायबरोबर नाहीत. फळंच हवी असतील तर फेब्रुवारीतली स्ट्रॉबेरी, साखर न लावता, थोडी आंबटच. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात चांगलं, मंडईतला पेरू. पिवळसर, अजून टणक, फोडी करून तिखट-मीठ भुरभुरवून. वाइनमधलं फळ आणि हातातलं फळ एकमेकांना हाका मारतात, मीठ गोडी वाढवतं, चिमूटभर तिखट साखरेला काम देतं.

जानेवारीत कोणी हुरड्याला बोलावलं तर बाटली बर्फात घालून घेऊन जा, शेतमालकाला विचारून. भाजलेल्या कोवळ्या ज्वारीची गोडी, धुराचा वास, शेंगदाण्याची चटणी, आणि वर हे. परतताना गाडी चालवणाऱ्यानं मात्र हुरडाच खायचा.

घरी पाहुण्यांना द्यायची तर एका बाटलीत सहा छोटे ग्लास होतात, तेवढेच धरा. पदार्थ एकदम मांडू नका. आधी खारं, मग अळूवडी, मग थोडं तिखट, शेवटी पेरू. मधे साधं पाणी आणि पावाचा तुकडा. सगळ्यांना आपापलं मत कागदावर लिहायला लावा आणि मगच बोलू द्या. नाहीतर पहिला जो मोठ्यानं 'लिची' म्हणतो त्याची लिची सगळ्यांना लागते.

उरली तर

बाटलीच्या तोंडात चमचा उलटा अडकवून ठेवला की गॅस राहतो, असं भाचेसुनेच्या मैत्रिणीनं सांगितलं. मी चमचा अडकवलेली आणि तशीच उघडी, अशा दोन अर्ध्या बाटल्या रात्रभर शेजारी ठेवल्या. सकाळी फरक शून्य. थोडाफार गॅस राहिला होता तो दोन्हींत सारखाच, आणि तो फ्रीजच्या गारव्यामुळे. जुनं बूच फुगलेलं असतं, परत आत जात नाही. दोन बाजूंनी चिमटा बसणारं स्पार्कलिंगचं खास झाकण मिळतं, ते घ्या. त्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत नीट राहते.

तिसऱ्या दिवशीची, बसलेली वाइन टाकू नका. चार पेरूंच्या बिया काढून फोडी करा, पातेल्यात वाइन, एक लवंग, चमचाभर गूळ, आणि मंद आचेवर फोडी मऊ होईपर्यंत शिजवा. गार करून वाटीत द्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हे वाटी घेऊन बसले, वास घेतला, खूश झाले. मी खरं ते सांगितलं, की उकळलं तरी सगळी उडून जात नाही. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि चिवड्याचा डबा उघडला.